पोच घेतलेली प्रत

एम.एस्सी.च्या तिसऱ्या सत्रात असताना, ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. सिंधुदुर्गातील अनेक गंभीर रुग्णांप्रमाणे त्यांनाही गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात हलवण्यात आले. मुंबईहून मी रात्रीच्या गाडीने निघाले ती पाच आठवड्यांनीच परतले, आणि परतले त्याच दिवशी विभागाच्या फलकावर हजेरी कमी असलेल्या विद्यार्थ्यांच्या यादीत, म्हणजे आमच्या भाषेत ब्लॅकलिस्टमध्ये, माझे नाव होते. त्यापुढे 58 टक्के असा आकडा होता.

या प्रसंगात महाविद्यालयाला दोष देणे सोपे होते आणि काही दिवस मी तो दिलाही. परंतु त्या पाच आठवड्यांत मी महाविद्यालयाला एका ओळीनेही काही कळवले नव्हते, हेही तितकेच खरे होते. मार्गदर्शक मॅडमनी मध्यंतरी संदेश पाठवून चौकशी केली होती, तेव्हा ‘घरी थोडी अडचण आहे’ एवढेच मी लिहिले. बाबांना बोलता येत नाही, उजवा हात उचलत नाही, आई रुग्णालयाच्या व्हरांड्यात चटई टाकून झोपते, हे सगळे कुणाला सांगणे म्हणजे सवलत मागण्यासाठी घरचे दुःख चव्हाट्यावर मांडणे, असे मला वाटत असे. आमच्याकडे घरातले घरातच ठेवण्याची शिकवण फार पक्की असते. ती कार्यालयात कामाची नसते, हे मला उशिरा उमगले.

नियम मी प्रथमच नीट वाचला तो त्या संध्याकाळी. मुंबई विद्यापीठाच्या हजेरीविषयक ऑर्डिनन्सनुसार (त्याचा क्रमांक 6086) सरासरी 75 टक्के आणि प्रत्येक विषयात किमान 50 टक्के उपस्थिती लागते. मात्र आजारपण किंवा विद्यार्थ्याच्या हाताबाहेरची कारणे असल्यास कागदपत्रे पाहून अनुपस्थिती क्षमापित करण्याची तरतूदही त्याच नियमात आहे. वरिष्ठ विद्यार्थ्यांकडून आम्ही फक्त 75 हा आकडा ऐकत आलो होतो, तरतुदीविषयी कुणी कधी बोलले नव्हते.

मी दोन पाने भरून अर्ज लिहिला. मॅडमनी तो शांतपणे वाचला आणि विचारले, ‘यात तुला नेमके काय हवे आहे ते कुठे लिहिले आहेस?’ ते कुठेच नव्हते. शेवटी फक्त ‘सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा’ ही विनंती होती. अशा अर्जांवर निर्णय घेणाऱ्या समितीला सहानुभूतीचा ठराव करता येत नाही, असे त्या म्हणाल्या, आणि ते मला त्या वेळी लागले असले तरी आज पूर्णपणे पटते. नव्या अर्जात अर्धे पान उरले: गैरहजेरीच्या तारखा, एका वाक्यात कारण, आणि तीन मागण्या. अनुपस्थिती क्षमापित व्हावी, बुडालेली अंतर्गत चाचणी पुन्हा घेतली जावी, आणि राहिलेली प्रात्यक्षिके दुसऱ्या बॅचबरोबर करू द्यावीत. सोबत डिस्चार्ज कार्डाची छायाप्रत आणि पालकांचे पत्र जोडले.

अर्ज घेऊन मी कार्यालयात गेले तेव्हा खिडकीतल्या काकांनी तो ट्रेमध्ये टाकला आणि मी वळले. ‘अगं, दुसरी प्रत कुठे आहे? पोच नको का?’ असे म्हणत त्यांनीच मला समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे पाठवले. परत आल्यावर त्यांनी प्रतीवर शिक्का मारला, शाई सुकल्यामुळे तो अर्धाच उमटला, म्हणून आवक क्रमांक आणि तारीख पेनाने पुन्हा गिरवली. पुढे मूळ अर्ज दोन टेबलांच्या मध्ये कुठेतरी अडकला, तेव्हा समितीच्या बैठकीपुढे गेली ती हीच प्रत.

पहिल्या दोन मागण्या मान्य झाल्या. प्रात्यक्षिकांना उशीर झाला होता. बॅच संपल्या होत्या, त्यामुळे त्या एका विषयात एटीकेटी लागली, म्हणजे तो विषय मागे ठेवून पुढच्या सत्रात जावे लागले. पहिल्याच आठवड्यात आईकडून एक ईमेल करवून घेतला असता तर कदाचित तीही टळली असती.

अर्ज नाकारला गेला असता तरी मार्ग होता. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते, आणि तिच्या निर्णयाने समाधान न झाल्यास विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या लोकपालाकडे जाता येते. मला ती पायरी चढावी लागली नाही.

समुपदेशकाकडे मी गेले ते सगळे उरकल्यावर, तेही मॅडमनी दोनदा सांगितल्यावर. माझ्या महाविद्यालयात समुपदेशक होत्या, हे माझे नशीब. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांनी किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, हा सर्वोच्च न्यायालयाचा निर्देश जुलै 2025 मधला आहे. जिथे तशी सोय नाही, तिथल्या विद्यार्थ्यांना टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या निःशुल्क क्रमांकावर मराठीतून बोलता येते. समुपदेशकांबरोबरच्या त्या तासाभरात मी अभ्यासाविषयी जवळजवळ काहीच बोलले नाही.

बाबा आता डाव्या हाताने सही करायला शिकले आहेत, आणि बँकेनेही ती स्वीकारली आहे. अर्जाला जोडलेल्या पालकांच्या पत्रावर मात्र आईची सही आहे. जन्मात पहिल्यांदाच तिने माझ्या शिक्षणाच्या कागदावर केलेली.