काळा शाफ्ट, निळं कापड

क्लबातल्या तीन नंबरच्या पूल टेबलावर नवं कापड चढवून जेमतेम आठवडा झाला होता. सिमोनिस कंपनीचं ८६०, निळंशार. ब्रेकसाठी, म्हणजे डाव सुरू करणाऱ्या पहिल्या फटक्यासाठी, मी पांढरा बॉल ठेवतो, त्याच्या जरा पुढे वीतभर लांबीचे चारपाच राखाडी पट्टे उमटले होते. टेबलं सांभाळणाऱ्या मार्करमामांनी मोबाईलची बॅटरी मारून ते दाखवले आणि म्हणाले, "साहेब, ही तुमच्या काळ्या काठीची कृपा."

कार्बन फायबरचा शाफ्ट (क्यूचा, म्हणजे काठीचा, पुढचा भाग) क्लबात माझ्या एकट्याकडेच. मेपलचा जुना शाफ्ट पावसाळ्यात वाकला, म्हणून दोन महिन्यांपूर्वी हा १२.४ मिलिमीटर जाडीचा सेकंडहँड घेतला होता. आधी मी वाद घातला. ब्रेकला बॉल जोरात घासला की कापड भाजतं, डाग पडणारच, असं ऐकवलं. "ते ठिपके पांढरे असतात. हे काळं आहे," मामा म्हणाले. बोलायला जागाच ठेवली नाही.

घरी येऊन पांढऱ्या सुती रुमालावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेतलं आणि शाफ्ट पुसला. पहिल्यांदा निळसर मळ आला, म्हणजे क्यूच्या टोकाला लावायचा चॉक आणि हाताचा घाम. तोवर ठीक होतं. पण तिसऱ्या रुमालावरही पेन्सिल घासल्यासारखं काळं येत राहिलं, तेव्हा आठवलं. पावसाळी हवेत शाफ्ट बोटांना चिकटत होता, म्हणून मीच त्याला २००० नंबरचा पॉलिश पेपर मारला होता. मेपलला वर्षानुवर्षं मारत आलो, तसाच. लाकडाची भुकटी फिकट असते, कोणाच्या नजरेत येत नाही. इथे वरचं रेझिन खरवडलं गेलं आणि कार्बनची काळी पूड शाफ्टवरच राहिली. (तोंडाला मास्कही नव्हता. तेही चुकलंच.)

पण शाफ्ट कापडाला लागतोच कुठे? मित्राला माझा ब्रेक स्लो मोशनमध्ये शूट करायला सांगितलं आणि बघून लाज वाटली. बॉलला मारून झाल्यावर क्यूचं पुढचं टोक खाली जातं आणि चार-पाच इंच शाफ्ट कापडावर चक्क घासत पुढे जातो. स्क्रू (पांढरा बॉल मागे फिरवणारा फटका) मारतानाही थोडं तेच. म्हणजे मेपलनेही मी कापड घासतच असणार. फक्त निळ्या कापडावर निळा चॉक कोणाला दिसतोय!

रुमाल पांढराच राहीपर्यंत शाफ्ट पुसला. एकूण सात रुमाल गेले. मग मामांनी जुन्या कापडाचा तुकडा प्लायवूडवर ताणून बसवला आणि आम्ही त्यावर शंभर वेळा शाफ्ट घासला. चॉकची पुसट रेघ आली, काळं काही नाही. मामांचा तरी विश्वास बसेना. त्यांनी स्वतः जोर लावून घासलं, मग तुकडा नाकाशी धरून हुंगला. कशासाठी, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

टेबलावरचे पट्टे काढणं जास्त नाजूक काम होतं. या कापडात नव्वद टक्के लोकर असते. साबण लावायचा नाही, भिजवायचं नाही. आधी ब्रश, मग व्हॅक्यूम, म्हणजे पूड आणखी आत दाबली जात नाही. त्यानंतर मायक्रोफायबरचं फडकं डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून घट्ट पिळलं आणि एकाच दिशेने हलक्या हाताने टिपत नेलं. तीन पट्टे गेले. दोन अजून आहेत, तिरक्या उजेडात दिसतात.

ब्रेकला आता पुढचा हात जरा उंच ठेवतोय. पॉवर कमी झाली आहे, हे कबूल. शिवाय मामांनी नवा नियम काढला आहे : मी आलो की ते आधी माझा शाफ्ट पांढऱ्या नॅपकिनने पुसतात, नॅपकिन ट्यूबलाइटखाली धरतात आणि मगच बॉल लावतात. काल निळं आलं.

"हे चालतंय," म्हणाले.