घर बघताना आधी पाणी विचारलं

८ जानेवारी २०२४ ला आम्ही तिघं मॉरिशसला उतरलो: मी, नवरा आणि सहा वर्षांची मुलगी. माझी नोकरी बेटावरच्या एबेन शहरात होती. पहिला महिना राहायला पश्चिम किनाऱ्यावर फ्लिक आँ फ्लाकला दोन खोल्यांची जागा घेतली होती, पर्यटक आठवड्याच्या भाड्याने घेतात तशी. खिडकीतून समुद्र दिसायचा आणि मुलगी उठल्या उठल्या वाळूत पळायची. इथेच कुठेतरी कायमचं घर बघू, असं आम्ही दोघांनी दुसऱ्याच दिवशी ठरवून टाकलं.

पुढच्या सोमवारी, १५ तारखेला, बेलाल चक्रीवादळ आलं. सकाळी लोक कामावर निघाले होते. नंतर पाऊस असा कोसळला की राजधानी पोर्ट लुईतल्या रस्त्यांचे ओढे झाले आणि उभ्या गाड्या वाहत जाऊन एकमेकींवर चढल्या. मी अर्ध्या वाटेवरून परत आले आणि ते सगळं फोनवर पाहिलं. पाहताना माझे हात थरथरत होते. माझं माहेर चिपळूणचं. २२ जुलै २०२१ ला आईबाबा माळ्यावर बसून होते आणि खाली स्वयंपाकघरातले डबे तरंगत होते. भिंतीवरची ती गढूळ रेघ पुढे दोनदा रंग देऊनही आम्हाला दिसायची. त्या रात्री मी नवऱ्याला म्हटलं, समुद्र दिसो न दिसो, पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते कळल्याशिवाय मी घर घेणार नाही.

मग शोध सुरू झाला. जाहिराती बहुतेक फ्रेंचमध्ये. ‘मब्ले’ म्हणजे फर्निचरसह, ‘लोयेर’ म्हणजे भाडं, आणि ‘सँदिक’ म्हणजे इमारतीच्या देखभालीचा खर्च, आपल्याकडच्या सोसायटीच्या मेंटेनन्ससारखा. सँदिक भाड्यात धरलेला आहे की वेगळा, हे पहिल्याच फोनवर विचारायला आम्ही लवकरच शिकलो. बँकेला खातं उघडायला पत्त्याचा पुरावा हवा असायचा, आणि घरमालकाला आधी बँकेचं खातं. शेवटी कंपनीच्या पत्रावर ती गाठ सुटली.

तिसरं घर आम्हाला फार आवडलं होतं. तळमजला, पुढे छोटी बाग, आंब्याचं झाड, भाडंही आवाक्यातलं. पण आतल्या भिंती गुडघ्यापर्यंत नव्या पांढऱ्या आणि वर जुन्या पिवळसर होत्या. मी एजंटला सरळ विचारलं, इथे पाणी आलं होतं का? तो म्हणाला, छे, नुसती डागडुजी केली आहे. मी बाहेर आले. फाटकाशेजारचं गटार गच्च भरलेलं होतं आणि कुंपणाच्या जाळीत वाळलेलं गवत एका उंचीवर अडकून राहिलं होतं. गवत कसं अडकतं ते चिपळूणच्या माणसाला सांगावं लागत नाही. शेजारच्या आजोबांना मी क्रिओलमधले, म्हणजे इथल्या बोलीभाषेतले, नुकतेच शिकलेले दोन शब्द जोडून विचारलं, ‘दिलो? इसी?’ दिलो म्हणजे पाणी, इसी म्हणजे इथे. त्यांनी तळहात मांडीला लावून दाखवला. मला त्या एजंटचा आजही राग आहे. बाईच्या कडेवर मूल दिसत असताना तो खोटं बोलला.

या सगळ्यात आम्हाला हात दिला तो माझ्या ऑफिसातल्या एका ताईंनी. त्यांचे पूर्वज कोकणातून उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून आले. १८३४ पासून करारावर मजूर आणले जाऊ लागले आणि त्यांत मराठी माणसंही होती. ताई घरी क्रिओल बोलतात, पण शाळेत त्यांनी मराठी विषय घेतला होता. त्यामुळे त्यांचं मराठी एकदम स्वच्छ, पुस्तकातलं. ‘आपण जेवण केले का?’ असं त्या मला रोज विचारायच्या. इतक्या दूर कोणी आपल्याला ‘आपण’ म्हणून हाक मारतं, तेव्हा पहिल्या दिवसांतलं परकेपण खरंच निम्मं होतं.

ताईंनी एका रविवारी आम्हाला गाडीत घालून फिरवलं. बेट जेमतेम ६५ किलोमीटर लांब आणि ४५ किलोमीटर रुंद, पण हवा दर दहा किलोमीटरला बदलते. वारा आग्नेयेकडून येतो, पाऊस मधल्या पठारावर टाकतो आणि पश्चिम किनाऱ्यावर कोरडा होऊन उतरतो. म्हणून फ्लिक आँ फ्लाकला ऊन आणि उकाडा, तर साडेपाचशे मीटर उंचीवरच्या क्युरपिपला झिमझिम आणि स्वेटर. क्युरपिपला आम्ही एक फ्लॅट पाहिला. दिसायला सुंदर, पण कपाट उघडलं तर बुरशीचा वास. श्रावणात आजीची ट्रंक उघडल्यावर यायचा तोच. मुलीला दम्याची तक्रार आहे, त्यामुळे तिथेच नाही म्हटलं.

दुसरी गोष्ट ताईंनी सांगितली ती मला स्वतःला कधीच सुचली नसती. मी सवयीने दक्षिणेची बाल्कनी शोधत होते, उन्हाची म्हणून. त्या म्हणाल्या, ‘येथे हिवाळ्यात सूर्य उत्तरेला असतो.’ हिवाळा म्हणजे जून ते ऑगस्ट. जानेवारीत सूर्य डोक्यावर असतो, म्हणून घर बघताना फरक कळत नाही. पण जुलैमध्ये दक्षिणेच्या बाल्कनीत टॉवेल तीन दिवस वाळत नाही.

शेवटी क्वात्र बोर्नला घर मिळालं. पठारावर, पण क्युरपिपइतकं उंच नाही. मेट्रोचं स्टेशन चालत दहा मिनिटांवर. मी रोझ हिलला गाडी बदलून एबेनला जाते. तीन मजली इमारत, आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, मालकीणबाई तळमजल्यावर. सत्तरीच्या आहेत, सगळे त्यांना तांतिन म्हणतात, म्हणजे मावशी किंवा आत्या. मी त्यांना पाणी तुंबतं का विचारलं, तेव्हा त्यांनी तोंडी उत्तर दिलंच नाही. मला मागच्या अंगणात नेलं, उताराचं गटार दाखवलं, त्यावरची जाळी उचलून दाखवली. मग गच्चीवर नेलं आणि टाकीचं झाकण काढलं. पाऊस कमी झाला की ऑक्टोबरपासून नळाला ठरावीक तासच पाणी येतं, तेव्हा टाकी केवढी आहे यावर घर चालतं. खिडक्यांना वादळात ओढायच्या पोलादी झडपा होत्या आणि घर अख्खं काँक्रीटचं. १९६० च्या कॅरोल वादळात बेटावरची हजारो पत्र्यालाकडाची घरं गेली. तेव्हा त्या लहान होत्या, आणि वडिलांनी पुढे हे घर बांधताना पत्रा हा शब्दच काढू दिला नाही, असं त्यांनी सांगितलं.

करार करताना एका महिन्याचं डिपॉझिट दिलं आणि घर कोणत्या स्थितीत आहे याची यादी केली. ‘एता दे लिय’ म्हणतात तिला. दोघांनी मिळून घर फिरायचं आणि प्रत्येक ओरखडा लिहून सही करायची. आम्हाला दोन तास लागले. तांतिनबाईंनी स्वतःहून एक चिरलेली फरशी दाखवली, जी मला दिसलीही नव्हती. पुण्यात चार घरं भाड्याने घेतली, पण असं कोणी केलं नव्हतं. वीज आणि पाण्याचं खातं नावावर करायला एक सकाळ गेली. एक मात्र नक्की सांगते: भारतातून मिक्सर आणू नका, आणलात तर अडॅप्टर आणा. इथली प्लगची भोकं ब्रिटिश पद्धतीची, चौकोनी.

संसार लावायला बाजारच खरा उपयोगी पडला. मी भाजीवालीकडे कोथिंबिरीकडे बोट दाखवलं तर ती म्हणाली ‘कोतोमिली’. शेजारी अळूची जुडी, तिचं नाव ‘ब्रेद सोंज’. त्या दिवशी घरी अळूचं फदफदं केलं आणि वाटीभर खाली दिलं. वाटी परत आली ती दोन धोल पुऱ्या घेऊन, आत डाळ भरलेल्या, आपल्या पुरणपोळीची तिखटमिठाची बहीण. सप्टेंबरमध्ये ताईंकडे गणपतीला गेलो. इथे सार्वजनिक सुट्टी चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी असते, विसर्जनासाठी. मराठी धड न बोलणारी पोरं अख्खी आरती पाठ म्हणत होती, आणि माझ्या नवऱ्याला दुसरं कडवं येईना म्हणून त्याने डोळे मिटून घेतले. तो रडत होता.

आता वादळाचा इशारा आला की आम्ही घाबरत नाही, कामाला लागतो. वर्ग एक म्हणजे टाकी भरायची, टॉर्च बघायचा. वर्ग तीनला सगळं बेट घरात. गेल्या वेळी झडपा ओढून आम्ही सगळे तळमजल्यावर बसलो होतो, वीज गेलेली, आणि तांतिनबाई मुलीला सिरांदान घालत होत्या, म्हणजे इथली कोडी.

‘दिलो दिबू?’ उभं पाणी.

मुलगी विचार करत बसली. बाहेर वारा झडपांवर आपटत होता.

‘ऊस!’ ती मराठीत ओरडली.

‘कान,’ तांतिनबाई म्हणाल्या. त्यांच्या भाषेत तोच ऊस. मग लगेच पुढचं, ‘दिलो पांदां?’ लोंबतं पाणी.

कोकणातल्या बाईची लेक ती. नारळ सांगायला तिला क्षणही लागला नाही.