ड्रॉ निघाला की आधी चौकडी बघा

जत्रेतल्या दंगलीत जोड लावताना पंच दोघांचं वजन बघतात, मागच्या कुस्त्या आठवतात आणि मगच दोन पैलवानांचे हात एकमेकांच्या हातात देतात. टेनिसमध्ये जोड चिठ्ठीवर लागते. मानांकित, म्हणजे क्रमवारीत वरच्या, ३२ जणींसाठी जागा राखलेल्या असतात, उरलेल्या ९६ जणी जिथे पडतील तिथे. म्हणून विम्बल्डनचा महिला एकेरीचा ड्रॉ, म्हणजे कोण कुणाशी खेळणार याचा तक्ता, शुक्रवारी दुपारी बाहेर आला, की जळगाव-धुळ्याकडच्या टेनिसवेड्यांचा पहिला मेसेज ठरलेला असतो: "राडुकानूला तिसऱ्या फेरीत सबालेंका. संपलं." राडुकानू ब्रिटनची, सबालेंका बलाढ्य; तरी ही घाई करू नका. ब्रिटनच्या मुली स्पर्धेबाहेर जातात त्या बहुतेक वेळा तिसऱ्या फेरीच्या आधीच, आणि तिथे समोर मोठं नाव असतंच असं नाही.

ड्रॉचा कागद छापून घ्या आणि वरून खाली दर चार नावांनंतर पेन्सिलीने आडवी रेघ मारा. १२८ नावांच्या ३२ चौकड्या होतात, आणि प्रत्येक चौकडीत एकच मानांकित खेळाडू असते. हा सगळ्यात कामाचा धागा आहे. बिगरमानांकित मुलीला तिसरी फेरी गाठायची तर तिच्या चौकडीतली मानांकित खेळाडू कुणीतरी हरवावीच लागते. एक तर तिने स्वतः, नाहीतर चौकडीतल्या दुसऱ्या कुणीतरी. पहिल्याच फेरीत मानांकित खेळाडू वाट्याला येण्याची शक्यता तीनात एक असते.

मग शेजारची चौकडी बघा. १ ते ८ मानांकनाच्या शेजारी २५ ते ३२ मधली एक असते, ९ ते १६ च्या शेजारी १७ ते २४ मधली. म्हणजे चौकडीत ३२वी मानांकित दिसली की पहिल्या दोन फेऱ्या सोप्या वाटतात, पण तिसऱ्या फेरीत पहिल्या आठातली कुणीतरी उभी असते. उलट चौकडीत २०वी मानांकित असेल तर सुरुवात जड, पण पुढची वाट जरा मोकळी. माझ्या मते बिगरमानांकित ब्रिटिश मुलीसाठी ही दुसरी जागा चांगली, विशेषतः तिथली मानांकित खेळाडू हिरवळीवर रुळलेली नसेल तर. एकाच देशाच्या खेळाडूंना ग्रँड स्लॅममध्ये (वर्षातल्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धांत) वेगळं ठेवत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

२०२५चं विम्बल्डन घ्या. राडुकानूच्या चौकडीत ३२वी मानांकित मॅकार्टनी केसलर होती. कागदावर झकास. पण त्याच चौकडीत मार्केटा व्हॉन्ड्रोउसोवा बिगरमानांकित म्हणून बसली होती. ती २०२३ची विम्बल्डन विजेती, आणि नुकतीच बर्लिनची हिरवळीवरची स्पर्धा जिंकून आलेली. तिने केसलरला पहिल्याच फेरीत घरी पाठवलं. राडुकानूची पहिली फेरी ब्रिटनच्याच मिमी शूशी होती, तिथे दोघींपैकी एक ब्रिटिश मुलगी जाणार हे ड्रॉ निघतानाच ठरलं. पुढे राडुकानूने व्हॉन्ड्रोउसोवाला ६-३, ६-३ असं नमवलं आणि सबालेंकाकडून ६-७, ४-६ असा सामना गमावला. दुसऱ्या सेटमध्ये ती ४-१ पुढे होती. "संपलं" लिहिणाऱ्यांनी हा सामना पुन्हा बघावा.

त्याच वर्षी ब्रिटनच्याच केटी बोल्टरचं उलटं झालं. पहिल्या फेरीत तिने ९वी मानांकित पाउला बडोसाला हरवलं, म्हणजे चौकडीचं कुलूप स्वतःच उघडलं. दुसऱ्या फेरीत समोर अर्जेंटिनाची सोलाना सिएरा, लकी लूजर. पात्रतेच्या शेवटच्या फेरीत हरलेली, आणि कुणाच्या तरी माघारीमुळे आत आलेली. बोल्टरने पहिला सेट टायब्रेकमध्ये (६-६ नंतरच्या निर्णायक गेममध्ये) घेतला, नंतरचे २-६, १-६ असे गेले आणि डबल फॉल्ट (दोन्ही सर्व्हिस चुकून गेलेला गुण) झाले १४. चौदा डबल फॉल्ट म्हणजे साडेतीन गेमचे गुण फुकट दिल्यासारखं आहे. बोल्टरचे सामने बघताना पहिल्या सर्व्हिसच्या वेगापेक्षा दुसऱ्या सर्व्हिसवर नजर ठेवा. पहिल्या सेटमध्येच डबल फॉल्टचा आकडा पाचावर गेला, तर समोर कुणीही असो, सामना अडकणार.

ब्रिटनच्याच सोनाय कार्टलची त्या वर्षीची वाट तर वहीत उतरवून ठेवावी अशी आहे. चौकडीत २०वी मानांकित येलेना ओस्टापेन्को. तिला कार्टलने पहिल्याच फेरीत तीन सेटमध्ये हरवलं. शेजारच्या चौकडीत १२वी मानांकित डायना श्नायडर होती, ती डायान पॅरीकडून आधीच बाद झाली. त्यामुळे कार्टलला तिसऱ्या फेरीत श्नायडरऐवजी पॅरी मिळाली. ती चौथ्या फेरीपर्यंत गेली आणि तिथे पावल्युचेन्कोवाने तिला थांबवलं. वाट मोकळी झाली हे खरं, पण पहिलं दार तिने स्वतः फोडलं होतं.

याहून मोठं उदाहरण २०२१च्या अमेरिकन ओपनचं. राडुकानू तेव्हा क्रमवारीत १५०वी, पात्रता फेरीतून आलेली. तिच्यासमोर १३वी मानांकित जेनिफर ब्रेडी येणार होती. ब्रेडीने माघार घेतली आणि जागी लकी लूजर स्टेफनी फॉगेले आली. १३ ते १६ ची चौकडी पुढे चौथ्या फेरीत १ ते ४ मधल्या कुणाशी तरी जुळते. इथे ती अव्वल मानांकित ॲश बार्टी होती, पण शेल्बी रॉजर्सने तिला तिसऱ्या फेरीतच हरवलं. दोन कुलपं दुसऱ्यांनी उघडली. तरी बेलिंडा बेन्चिच, मारिया साक्कारी आणि अंतिम फेरीत लेला फर्नांडिस यांना राडुकानूनेच हरवायचं होतं. पात्रतेचे ३ आणि मुख्य फेरीचे ७ असे दहा सामने, एकही सेट न गमावता. १९७७ला व्हर्जिनिया वेड विम्बल्डन जिंकली, त्यानंतर ब्रिटनच्या महिलेचं हे पहिलं एकेरी ग्रँड स्लॅम.

शक्यता मांडताना साधा गुणाकार करा. पहिला सामना जिंकण्याची शक्यता ६० टक्के, दुसऱ्याचीही ६० टक्के वाटत असेल, तर तिसरी फेरी गाठण्याची शक्यता ३६ टक्केच उरते. दोन्ही ७० टक्के धरले तरी ४९. "दोन्ही सामने तिचेच" असं वाटणं आणि ती खरंच तिसऱ्या फेरीत असणं यांत एवढं अंतर असतं. फेऱ्यांच्या गुणांनाही वजन आहे. ग्रँड स्लॅममध्ये पहिल्या फेरीत हरलं तर १० गुण, दुसऱ्या फेरीत ७०, तिसऱ्या फेरीत १३०, चौथ्या फेरीत २४०. हे गुण ५२ आठवड्यांनी गळतात. जिचे बरेचसे गुण नॉटिंगहॅमसारख्या जूनमधल्या हिरवळीवरच्या स्पर्धांतून आलेले असतात, तिचा एक जून खराब गेला की मानांकन जातं आणि पुढचे ड्रॉ कठीण होतात.

पृष्ठभागाचं गणित मातीच्या उदाहरणानं लगेच कळतं. आखाड्याची लाल माती भुसभुशीत, पाय रुततो. पॅरिसला फ्रेंच ओपनच्या कोर्टवर विटांच्या भुकटीचा पातळ थर असतो, त्यावर पाय घसरवत खेळायचं. चेंडू उंच उडतो आणि रॅली लांबते. ब्रिटनच्या मुलींचं तिथे क्वचित जमतं. २०१९ला जोहाना कोंटा उपांत्य फेरीत गेली, त्याआधी १९८३ला जो ड्युरी. विम्बल्डनचं गवत ८ मिलिमीटर कापलेलं असतं, चेंडू खाली राहतो, सपाट फटका आणि स्लाइस चालतो. पहिले दोन दिवस ते हिरवं आणि निसरडं असतं. म्हणून चौकडीतल्या चारही जणींपुढे त्या जूनमधले हिरवळीवरचे सामने लिहा. एकही सामना न खेळता थेट आलेली मानांकित खेळाडू पहिल्याच फेरीत अडखळू शकते.

विम्बल्डनची आठ वाइल्ड कार्डं (क्रमवारी न बघता दिलेला थेट प्रवेश) बहुतेक ब्रिटिश मुलींना मिळतात. त्यांतल्या बऱ्याच जणी क्रमवारीत शंभराच्या बऱ्याच खाली असतात. त्यांच्याकडून एका विजयाची आशा ठेवा, तोही समोर मातीवर वाढलेली खेळाडू असेल तेव्हा.

ड्रॉ लागला म्हणजे काम झालं असं नाही. पहिल्या दिवसाचा सामनाक्रम जाहीर होईपर्यंत एखाद्या मानांकित खेळाडूने माघार घेतली, तर मानांकित जागांची अदलाबदल होते. त्यानंतरच्या माघारीला थेट लकी लूजर. शुक्रवारी मारलेल्या रेघा रविवारी रात्री पुन्हा तपासा, पेन्सिल वापरायची ती याचसाठी. बाहेरच्या कोर्टांवरचे सामने आपल्या वेळेनुसार दुपारी साडेतीनला सुरू होतात, एक नंबर कोर्ट साडेपाचला, सेंटर कोर्ट सहाला. जूनअखेरीस शेतावरून परतेपर्यंत बाहेरच्या कोर्टांवरचे पहिले सामने आटोपलेले असतात, आणि कार्टलसारख्या बिगरमानांकित मुलीचा पहिल्या फेरीचा सामना त्यांतच असू शकतो. सामनाक्रम आदल्या संध्याकाळीच बघून ठेवा.