खळीचा तळ जागेवर, काठ गायब

आठवडाभर सगळ्यांचं बोट डिझाइनकडे होतं. रोबोने एकाच वेगाने मारलेले एकाच बॅचचे गोल्फचे चेंडू दोन तऱ्हांनी उडत होते. जोडरेषा, म्हणजे चेंडूचे दोन अर्धे जुळतात ती रेषा, फिरकीच्या दिशेत ठेवली की एक उंची, तिच्याशी काटकोनात ठेवली की दुसरी. चेंडू कसाही ठेवला तरी सारखाच उडावा, असं गोल्फचे नियमच सांगतात. म्हणजे बॅच बाद.

तपासणीचा अहवाल मात्र स्वच्छ. वजन 45.93 ग्रॅमच्या आत, 42.67 मिमीच्या रिंगमधून एकही चेंडू खाली पडेना, चेंडूवरच्या छोट्या खळग्यांची, म्हणजे खळ्यांची, खोली सगळीकडे 0.25 मिमी. भिंगाखाली चेंडू फिरवल्यावर जोडरेषेलगतची रांग खटकली. पुढच्या रांगेतल्या खळ्या रेखीव गोल, या मात्र जोडरेषेच्या बाजूने चेपल्यासारख्या, धार बोथट. रंगाच्या थराखाली हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

मोल्डचे दोन अर्धे जुळतात तिथे कव्हरचा पापुद्रा बाहेर येतो, तो बफिंगने, म्हणजे फिरत्या चाकावर घासून, काढतात. चाकाने पापुद्र्याबरोबर शेजारचा पृष्ठभागही सुमारे 0.02 मिमी खाल्ला होता. खळीचा तळ जागच्या जागी, काठ तेवढा खाली. आणि आमचं यंत्र खोली मोजतं ती मूळ डिझाइनमधल्या अखंड गोलापासून, प्रत्यक्ष काठापासून नव्हे! त्यामुळे आकडा हललाच नाही. 4 मिमीची खळी 3.84 वर आली होती, काठापासूनची खोली 8 टक्क्यांनी आणि आकारमान जवळपास 15 टक्क्यांनी घटलं होतं.

हवेचा संबंध काठाशी आणि आकारमानाशी येतो. खळ्यांमुळे पृष्ठभागालगतचा थर खवळतो, चेंडूला जास्त काळ चिकटून राहतो आणि मागचा भोवरा अरुंद होतो. गुळगुळीत चेंडूच्या मानाने हवेचा रोध निम्म्यावर येतो तो यामुळेच. जोडरेषा फिरकीच्या दिशेत असली की सर्वांत वेगाने फिरणारा पट्टा नेमका हाच, घासलेल्या खळ्यांचा.

मोल्ड दुरुस्त करणं सोपं नव्हतं. चेंडूवरची खळी म्हणजे मोल्डमधला उंचवटा. तो नुसता घासून उंच होत नाही, अख्खी पोकळी नव्याने करावी लागते. म्हणून मोल्डचे मिळते काठ लॅपिंग करून, म्हणजे बारीक घासून सपाट करून, पापुद्राच पातळ केला, चाकाचा दाब उतरवला. नव्या मोल्डमध्ये जोडरेषेलगतचे उंचवटे घासाईचा हिशेब धरून आधीच 0.02 मिमी उंच ठेवलेत.

बफिंगवरचा कामगार दोन आठवड्यांपूर्वीच म्हणाला होता, "चाक जास्त खातंय." ते कुणी नोंदवहीत लिहिलं नाही, याचा मला अजून राग आहे. फॉर्मवर आता काठापासूनच्या खोलीचा वेगळा रकाना आहे. ठेवणीतले जुने नमुने काढून तीच रांग पुन्हा मोजतोय. त्या अहवालांतही खोली 0.25 मिमीच लिहिलेली आहे.