आमची वाटचाल: भोसरीच्या गाळ्यातून गळ्याच्या नर्व्हपर्यंत

भोसरीत भाड्याच्या गाळ्यात सुरुवात केली तेव्हा फिजिओथेरपीची टेन्स (त्वचेवरून सौम्य करंट देऊन दुखणं कमी करणारी) आणि मसल स्टिम्युलेटर (करंटने स्नायू हलवणारी) मशीनं फक्त रिपेअर करायचो, मग हळूहळू स्वतःची बनवायला लागलो. बरं चाललं होतं. एकदा एक स्पीच थेरपिस्ट मॅडम आल्या, म्हणाल्या, "स्ट्रोकच्या पेशंटला साधं पाणी गिळता येत नाही हो, ठसका लागतो, श्वासनलिकेत जातं, न्यूमोनिया होतो, गळ्यासाठी काहीतरी बनवा ना." आणि मशीनच्या आधी त्यांनी आम्हाला रिसर्च पेपर वाचायला लावले, हे त्यांचे उपकारच.

गिळताना स्वरयंत्र वर उचललं गेलं पाहिजे. गळ्याला बाहेरून पॅड लावले की करंट आधी वरच्या स्नायूंना लागतो आणि ते स्वरयंत्र खाली ओढतात, उचलणारा स्नायू त्यांच्याखाली दडलेला. अमेरिकेत क्रिस्टी लडलो यांच्या टीमने 2007 मध्ये पेशंटवर दाखवलं की नुसतं बसल्या बसल्या पॅडने करंट दिला तर हायॉइड हाड (जिभेखालचं छोटं हाड, स्वरयंत्र याच्याच खाली असतं) खाली जातं. याच टीमने 2003 मध्ये बारीक तारा थेट स्नायूंत घालून स्वरयंत्र वर उचलून दाखवलं होतं. आणि क्लीव्हलँडला डॉ. ब्रोनिआटोव्स्कींनी 2001 मध्ये इम्प्लांटने थेट नर्व्हला करंट देऊन स्वरतंतू बंद केले, म्हणजे घास चुकीच्या नळीत जायला नको. हे वाचून आम्ही पॅडवाल्या मशीनच्या मागे पळायचं नाही असं ठरवलं, तोटा झाला तरी चालेल.

पण असं इम्प्लांट म्हणजे क्लास डी डिव्हाइस, म्हणजे सगळ्यात जास्त जोखमीच्या गटातलं, लायसन्स थेट केंद्र सरकारच्या औषध नियंत्रकांकडून, आमच्यासारख्यांना ते एका उडीत झेपणारं नाही. म्हणून सध्या संशोधकांसाठी टेबलावर ठेवायचा पल्स जनरेटर, म्हणजे करंटचे छोटे ठोके देणारं मशीन, बनवतोय. प्रत्येक युनिट शरीराच्या जागी एक किलोओहमचा रेझिस्टर लावून ऑसिलोस्कोपच्या स्क्रीनवर बघतो, प्लस आणि मायनस दोन्ही पल्सचा चार्ज अगदी सारखा यायलाच हवा, फरक राहिला तर इलेक्ट्रोड गंजू शकतो आणि नर्व्हला इजा होऊ शकते, म्हणून असं युनिट आम्ही बाहेर जाऊच देत नाही, मग ऑर्डर लेट झाली तरी चालेल.

आता काम चाललंय हातातल्या बटणावर. गिळायला लागतानाच पेशंटने ते स्वतः दाबायचं, म्हणजे पल्स नेमका त्याच वेळी सुटेल, आणि गिळण्याचा घशातला टप्पा जेमतेम एका सेकंदाचा, त्यामुळे बटणापासून पल्सपर्यंतचा उशीर जितका कमी करता येईल तितका करतोय. ईएनटी सर्जन किंवा स्पीच थेरपिस्ट कुणी असाल तर गाळ्यावर या, बटण हातात घेऊन बघा आणि काय खटकतं ते स्पष्ट सांगा.