अ‍ॅझ्युअर सीएलआय एक्स्टेन्शन, ट्रॅक १ वरून ट्रॅक २ वर : कोल्हापूरची नोंद

अ‍ॅझ्युअर सीएलआय म्हणजे मायक्रोसॉफ्टचं क्लाउड टर्मिनलवरून चालवायचं साधन, एक्स्टेन्शन म्हणजे त्याला जोडलेल्या जादा कमांड. ट्रॅक १ आणि २ या त्यामागच्या पायथन एसडीकेच्या (तयार लायब्ररीच्या) जुनी आणि नवी पिढी.

सध्याची स्थिती: स्टोरेज अकाउंटच्या कमांड नव्या पायथन एसडीकेवर चालू, व्हीनेट (क्लाउडमधलं खासगी नेटवर्क) अर्धवट, टेस्टची रेकॉर्डिंग पुन्हा करायची बाकी.

'व्हेंडर्ड_एसडीकेज' फोल्डर (एक्स्टेन्शनसोबतच ठेवलेली एसडीकेची प्रत) आधी पूर्ण रिकामं करा, मगच नवा एसडीके टाका. जुन्यावर नवं टाकलं की दोन्हीकडच्या फाइली शिल्लक राहतात आणि कुठली इम्पोर्ट होते ते कळत नाही. तांबडा-पांढरा एका ताटात शोभतो. ट्रॅक १ आणि २ नाही.

वेळखाऊ क्रियांच्या नावाआधी आता 'बिगिन_' लागतं: 'क्रिएट'चं 'बिगिन_क्रिएट'. पण फाइंड-रिप्लेस मारू नका. स्टोरेज अकाउंटचं 'डिलीट' आणि 'अपडेट' थेट उत्तर देतात, त्यांची नावं तशीच आहेत. 'बिगिन_'वाल्या मेथडकडून पोलर मिळतो, म्हणजे काम संपलं का ते विचारत राहणारा ऑब्जेक्ट. पुढच्या ओळीत तयार वस्तू हवी असेल तर '.रिझल्ट()' लावा.

'चेक_नेम_अव्हेलेबिलिटी'ला पूर्वी नुसतं नाव चालायचं, आता मॉडेल ऑब्जेक्ट द्यावा लागतो. 'कस्टम_हेडर्स'चं झालं 'हेडर्स'. 'रॉ=ट्रू' राहिलं असेल तर ते थेट खालच्या 'रिक्वेस्ट्स' लायब्ररीपर्यंत पोचतं आणि टाइपएरर येतो. या चुका निदान ओरडतात तरी.

गप्प बसणाऱ्या दोन आहेत, खरा वेळ त्यांनीच खाल्ला.

पहिली: 'एक्सेप्ट क्लाउडएरर'. एमएसरेस्टअ‍ॅझ्युअर (जुन्या एसडीकेची पायाभूत लायब्ररी) मशीनवर असेपर्यंत इम्पोर्ट बिनबोभाट होते, पण नवा एसडीके ही चूक कधीच फेकत नाही. तो फेकतो अ‍ॅझ्युअर-कोअरची (नव्या पिढीच्या पायाभूत लायब्ररीची) 'एचटीटीपीरिस्पॉन्सएरर'. त्यामुळे '४०४ (सापडलं नाही) आला तर नवीन तयार कर' असा कोड कोरडा पडतो आणि युजरला ट्रेसबॅक दिसतो. 'रिसोर्सनॉटफाउंडएरर' हा तिचाच उपवर्ग, म्हणून त्याचा 'एक्सेप्ट' वर ठेवा. खाली ठेवला तर त्याची पाळीच येत नाही.

दुसरी: जेनेरिक अपडेट कमांड, म्हणजे वस्तू वाचून, बदलून परत लिहिणारी. 'सेटर_नेम' (परत लिहिणाऱ्या मेथडचं नाव) दिलं नाही तर ती 'क्रिएट_ऑर_अपडेट' धरून चालते. हे नुसतं स्ट्रिंग, लिंटरला (कोड न चालवता तपासणाऱ्या साधनाला) पत्ता लागत नाही. कमांड चालवल्यावरच अ‍ॅट्रिब्यूटएरर येतो. व्हीनेटसाठी 'बिगिन_क्रिएट_ऑर_अपडेट' असं स्पष्ट लिहा.

रेकॉर्डिंगचं (टेस्टमधल्या रिक्वेस्ट आणि उत्तरं यामल फाइलीत साठवलेली असतात): एपीआय-व्हर्जन यूआरएलमध्येच असतं, ते बदललं की जुनी यामल फाइल जुळत नाही. ती हातानं दुरुस्त करत बसू नका. काढून टाका आणि 'एझेडडेव्ह टेस्ट'ला (सीएलआयच्या टेस्ट चालवणारी कमांड) '--लाइव्ह' देऊन खऱ्या क्लाउडवर चालवा. टेस्टचा रिसोर्स ग्रुप (तिच्या सगळ्या क्लाउड वस्तूंचा गठ्ठा) एरवी वेस्ट यूएस या रीजनमध्ये बनतो. इथून पुण्याचा सेंट्रल इंडिया जवळ. पावसाळ्यात मध्येच लाइट गेली तर 'क्लायटेस्ट'नं नाव सुरू होणारे टेस्टचे ग्रुप मागे राहतात आणि बिल चढत जातं. यूपीएस नसेल तर रन संपल्यावर ग्रुपची यादी एकदा बघाच.

पुढच्या नोंदीत व्हीनेटचे सबनेट.