शिळा गेम

नवा व्हिडिओ गेम ज्या दिवशी येतो त्या दिवशी तो घ्यायचा नाही, हे माझं धोरण. वर्षभर थांबायचं, जमलं तर दोन वर्षं. तोवर घाईतली मंडळी तो खेळून घेतात, त्यातल्या चुका शोधतात, कंपनीला शिव्या घालतात. मग कंपनी मुकाट्याने दुरुस्त्या करते आणि एखाद्या सेलमध्ये किंमत निम्म्यावर, कधी पाव हिश्श्यावर येते. तेव्हा आपण निवांत जायचं.

पुतण्याच्या मते हा शुद्ध चिक्कूपणा. "काका, तुम्ही सगळं शिळंच खेळता," असं तो चारचौघांत सांगतो. सांगू दे. सोलापुरात राहून शिळ्याला नाक मुरडणाऱ्याने कडक भाकरी नीट खाल्लेली नसते. पातळ थापून, भाजून, वाळवून कडकडीत केलेली ती भाकरी आठवडेच्या आठवडे टिकते, आणि शेंगाचटणी-दही घेऊन बसलं की तव्यावरच्या गरम भाकरीची आठवणही येत नाही. माझे गेम त्या जातीचे.

ही सवय घरातलीच असावी. गड्ड्याच्या यात्रेतली खरेदी शेवटच्या दिवसांत करायची, हा आमच्या वडिलांचा दंडक होता. संक्रांतीच्या ऐन गर्दीत होम मैदानावर नुसतं फिरायचं, भाव विचारायचे, पुढे सरकायचं. स्टॉलवाल्यांची आवराआवर सुरू झाली, माल परत न्यायचा कंटाळा त्यांच्या तोंडावर दिसू लागला, की मग पाकीट बाहेर यायचं. माझा पहिला हातातला गेम असाच आला. खोक्यावर ठसठशीत '९९९९ इन १' असं छापलेलं. निघाले विटा रचायचेच आठ-दहा प्रकार; बाकी सगळा वेगाचा फरक. पण पेन्सिल सेल टाकले की चालायचा, आणि आमच्याकडे आला तसाच शेवटपर्यंत राहिला. त्यात कोणी रात्रीतून काही बदललं नाही.

नव्या पेठेतल्या एका बोळात व्हिडिओ गेमचं दुकान होतं. दहा रुपये तास. दोन टीव्ही, दोन लाकडी बाकं आणि मालकाच्या डोक्यावर भिंतीवरचं घड्याळ. त्या घड्याळाकडे मालक बघायचा आणि आम्ही बघायचं टाळायचो. काँट्रा गेममध्ये शेवटच्या राक्षसापर्यंत पोचलो की नेमका तास भरायचा. "झाला टाइम, उठा बे," म्हणत तो सरळ बटण बंद करायचा. खेळाची किंमत काय असते, ती मला त्या बाकावर कळली. ती आधी ठरायची, रोख द्यायची आणि दिली की विषय संपायचा.

कॅसेटमधल्या खेळात चूक राहिली तर ती जन्माची. अटारी कंपनीने १९८२च्या नाताळासाठी 'ई.टी.' सिनेमावरचा गेम जेमतेम पाच आठवड्यांत उरकला. तो इतका फसला की पुढच्या वर्षी न विकलेल्या मालाबरोबर त्याच्याही कॅसेटी न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचरा डेपोत पुरल्या. २०१४ साली लोकांनी खणून बाहेरही काढल्या. आज तसं करायची गरज नाही. खेळ कच्चा असला तरी विकायचा आणि मागाहून अपडेट धाडायचं. सोय म्हणून हे उत्तमच. पण सोय झाली की माणूस सैलावतो, आणि कंपन्याही माणसंच चालवतात.

'सायबरपंक २०७७' आठवून बघा. तारीख तीनदा पुढे ढकलून १० डिसेंबर २०२० रोजी तो आला. जुन्या कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रांवर, तर धड चालेचना. गुन्हा केला की पोलीस गाडीतून येत नसत, पाठीमागे हवेतूनच उगवत. सोनीने आठवड्याभरात तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला आणि पैसे परत द्यायला सुरुवात केली. पुढची तीन वर्षं दुरुस्त्या चालल्या. सप्टेंबर २०२३च्या २.० अपडेटनंतर पोलीस गाड्या घेऊन पाठलाग करू लागले, कौशल्यांची सगळी रचना नव्याने मांडली गेली आणि तो खरोखर झकास गेम झाला. मी खेळलो तो हाच. पहिल्या दिवशी ज्यांनी पूर्ण पैसे मोजले त्यांनी कच्चा माल तपासून दिला, आणि मी सवलतीत पक्का घेतला. त्यांचे आभार मानायला हवेत.

अपडेटचं खरं रूप मात्र आमच्या हॉलमध्ये बघावं. मे महिना, पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर, पंखा गरम हवा ढवळतोय आणि पुतण्या पडद्यावरच्या हिरव्या पट्टीकडे डोळे लावून बसलाय. एकसष्ट टक्के. बासष्ट. मग आकडा तिथेच अडकतो. डाउनलोड संपलं तरी सुटका नाही. त्यानंतर 'पॅचिंग', म्हणजे उतरवलेलं सगळं जागच्या जागी बसवणं, आणि ते उतरवण्यापेक्षाही रेंगाळतं. त्यात लाइट गेली. मित्र फोनवरून ओरडतायत, "अबे, येतोस का न्हाई बे?" आणि आई, म्हणजे त्याची आजी, आतून विचारते, "पैसे दिलास न्हवं? मग खेळ अजून कसा आला न्हाई?" या प्रश्नाचं सरळ उत्तर त्याच्याकडे नव्हतं. माझ्याकडेही नाही. डिस्क विकत आणली तरी ती घातल्या घातल्या आधी अपडेट मागते. 'कॉल ऑफ ड्यूटी'ने तर संगणकावर दोनशे जीबीचा आकडा केव्हाच ओलांडला. एकच गेम ठेवायचा, तर लग्नाचे व्हिडिओ कुठे ठेवायचे?

पैशांच्या बाबतीत पुतण्याचं स्वतःचं गणित आहे. सोनीच्या प्लेस्टेशन ५ या कन्सोलचा मोठा नवा गेम ४,९९९ रुपयांना. शंभर तास खेळला तर पन्नास रुपये तास. म्हणजे थिएटरपेक्षा स्वस्त, असं तो ठामपणे मांडतो. हिशेबात खोट नाही, खोट शंभर तासांत आहे. दहा-बारा तासांनंतर दुसरा गेम येतो आणि पहिला कोपऱ्यात पडतो. नव्या पेठेतल्या मालकाने असल्या गिऱ्हाइकाला डोक्यावर घेऊन नाचवलं असतं.

माझ्यासारख्यांना खरा आधार मिळाला तो २०१५च्या नोव्हेंबरात, स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाने रुपयात भाव लावले तेव्हा. त्याआधी डॉलरचा भाव आणि परदेशात चालणारं कार्ड, अशी दुहेरी अडचण होती. आता उन्हाळी सेल आणि नाताळाचा सेल, एवढ्या दोन जत्रा सांभाळल्या तरी वर्ष निघतं. हव्या त्या गेमची यादी करून ठेवायची आणि भाव उतरल्याची चिठ्ठी येईपर्यंत विसरून जायचं. निम्म्या वेळा चिठ्ठी आल्यावर लक्षात येतं, की आता तो नकोच आहे. तेवढे पैसे तर पूर्णच वाचले.

मात्र सगळेच भाव थांबल्याने उतरत नाहीत. यंत्रांचं उलटं झालंय. प्लेस्टेशन ५ भारतात फेब्रुवारी २०२१मध्ये ४९,९९० रुपयांना आलं. थांबणाऱ्यांना नोव्हेंबर २०२२पासून त्याच यंत्राला ५४,९९० द्यावे लागले. पुढे २०२५च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि संगणकाच्या रॅमचे भाव असे चढले, की दुकानदार फोनवर दर सांगेना, "या, बघू" म्हणू लागला. आणि ऑनलाइन खेळांत तर उशिराला अर्थच नाही. 'द क्रू' नावाचा गाड्यांचा गेम युबीसॉफ्टने २०१४मध्ये आणला आणि ३१ मार्च २०२४ला त्याचे सर्व्हर बंद केले. रीतसर पैसे देऊन घेतलेला गेम त्या दिवसापासून सुरूच होईना. एकट्याने खेळायचं म्हटलं तरी नाही.

काही गेम पहिल्या दिवसापासूनच वाजवी असतात, तिथे थांबून फारसं हाती लागत नाही. ॲडलेडच्या तिघा-चौघांच्या टीम चेरीने 'सिल्कसाँग' २०१९मध्ये जाहीर केला, आणला ४ सप्टेंबर २०२५ला, आणि अमेरिकेत किंमत ठेवली फक्त वीस डॉलर. इतके लोक एकदम तुटून पडले की ऑनलाइन दुकानंच कोलमडली. 'स्टारड्यू व्हॅली' तर एरिक बॅरोन या एकट्या माणसाने केलेला, २०१६चा. तेव्हापासून मोठमोठी अपडेट्स आली, २०२४मध्ये १.६ आलं, आणि त्यांसाठी त्याने वर एक पैसा मागितला नाही. पुतण्याची आजीसुद्धा त्यातली शेती बघत बसते. कोबीला पाणी घालायचं राहिलं की हळहळते.

फुकट म्हणवणाऱ्या गेमांची मात्र मला धास्ती वाटते. गल्लीतल्या पोरांचं अख्खं जग मोबाइलवरच्या एका बेटावर. सप्टेंबर २०२०मध्ये पबजीवर बंदी आली तेव्हा पारावर सुतक होतं. जुलै २०२१मध्ये तो बीजीएमआय या नव्या नावाने आला, पुढच्या जुलैत गायब झाला, मे २०२३मध्ये परत आला. या सगळ्यात बंदुकीचे रंग आणि अंगावरचे झगमगते कपडे यांची विक्री मात्र जोमात. याची सुरुवात २००६ची. 'ऑब्लिव्हियन' गेममध्ये घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला विकायला काढलं, तेव्हा सगळे हसले. आता त्या अडीच डॉलरवर कोणी हसत नाही. शेजारच्या पोराने शर्टाला म्हणून घरून घेतलेले पैसे गेममधल्याच जाकिटावर घातले. त्याच्या आईला ते जाकीट मोबाइलवर दाखवलं, तर ती म्हणाली, "मग आता हेच घालून जा कॉलेजला."

सध्या घरात विषय एकच, जीटीए सहा, म्हणजे 'ग्रँड थेफ्ट ऑटो' मालिकेतला सहावा गेम. पाचवा आला १७ सप्टेंबर २०१३ला, तेव्हा पुतण्या बालवाडीतही नव्हता. सहाव्याचा पहिला ट्रेलर डिसेंबर २०२३मध्ये आला, त्यात २०२५ साल होतं. मग २६ मे २०२६ झालं, आणि मग १९ नोव्हेंबर २०२६. दर तारखेला पुतण्या नव्याने पैसे साठवतो आणि दर ढकलणीला ते खर्चून टाकतो. कंपनीने आमच्या घराला जेवढी शिस्त लावली नाही, तेवढी उधळपट्टी शिकवली.

परवा जेवताना त्याने विचारलं, "काका, आला की लगेच घ्यायचा ना?"

"घेऊ की. २०२८ला."

"आणि तोवर शेवट कळला तर? सगळीकडं व्हिडिओ असणार."

"सांग तूच. घेईपर्यंत विसरतो मी."

त्याने भाकरीचा तुकडा मोडला आणि आजीकडे वळून म्हणाला, "आजी, तूच देतीस का पैसे?"